निघून गेलेल्या नदीची पोथी

माझ्या भाचीला पुस्तक आवडलं की ती आधी लेखकाला शिव्या घालते. "मावशी, काय येडा लेखक हाय गं ह्यो," अशी तिच्या व्हॉइस मेसेजची सुरुवात झाली की मी समजते, पुस्तक बाईसाहेबांच्या काळजात घुसलंय. नाही आवडलं तर ती नुसतं "बरंय" म्हणते. ते "बरंय" ऐकलं की पुस्तक लिहिणाऱ्याची मला खरोखर कीव येते.

ती माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. आक्काचं घर तळेघरच्याही पुढं, डोंगराच्या कडेला असलेल्या एका वाडीत. भात, नाचणी, उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा, आणि कुठंही जायचं तर चालत. भावजी चाकणला कंपनीत, पंधरवड्यानं घरी येतात. मी खाली वारूळवाडीला, टोमॅटोची रोपं करणाऱ्या एका नर्सरीत कामाला जाते. ट्रे भरायचे, बी टाकायचं, आणि दिवसभर बायकांच्या गप्पा. मला मूलबाळ नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक विचारल्याशिवाय राहत नाहीत, आणि पुढं जे सांगणार आहे त्यात त्याचाही वाटा आहे.

वाडीवरची शाळा सातवीपर्यंत. पुढच्या शाळेला रोज डोंगर उतरायचा आणि चढायचा, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की घरीच बसायचं. वाडीतल्या चांगल्या हुशार पोरी अशाच घरी बसल्या आणि नंतर त्यांची लग्नं झाली. म्हणून दिवाळीत आमचं ठरलं होतं, आठवीपासून भाची माझ्याकडं राहायची आणि नारायणगावच्या शाळेत जायची. ठरलं म्हणजे मी बोलले, भावजी हो म्हणाले, आणि आक्का चुलीतली लाकडं सारत बसली. ती नाही म्हणाली नाही, एवढ्यावरच मी खूष होते.

पुस्तकांचा नाद मात्र त्याच्याही आधीचा. काही मी वाचनालयातनं आणते, काही रद्दीवाल्याकडनं, काही नर्सरीच्या मालकीणबाईंच्या मुलांनी वाचून टाकलेली. आधी मी वाचते. जादूची, साहसाची पुस्तकं मला लई आवडतात, चाळिशी आली म्हणून काय झालं? मग पिशवीत बांधून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची. तळेघरला रस्त्याकडेच्या दुकानात पिशवी उतरते, भाची जमेल तेव्हा चालत येऊन घेऊन जाते, आणि वाचून झालं की पाण्याच्या टाकीपाशी, जिथं रेंज येते तिथं उभी राहून आक्काच्या मोबाईलवरनं निकाल कळवते.

पहिलं पाठवलं ते विहिरीतल्या शहराचं पुस्तक. एका गावातल्या सगळ्या माणसांचे आवाज चोरीला जातात आणि तीन पोरं विहिरीत उतरून ते परत आणतात, अशी गोष्ट. मला त्यातला राजवाडा आवडला होता, दिवे, मोत्यांचे जिने. भाचीचा मेसेज आला, "येडा लेखक हाय मावशी. समदा गाव मुका झाला तवा कुत्री भुकत व्हती का नाय, ते सांगितलंच नाय त्यानं. मी शेवटपतूर तेच बघत व्हते." मग आवाज खाली आणून म्हणते, "पन ती बारकी पोरगी सगळ्यांचे आवाज परत आणण्यासाठी स्वतःचा तिथंच ठिवून येती ना, तवा मला लई कसंतरी झालं. आई जेवायला हाका मारीत व्हती, माझ्याच्यानं ओ द्यायलाच व्हईना."

मी ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं. त्या बारक्या पोरीपाशी मी पहिल्या वेळी भरभर पुढं गेले होते, मला राजवाड्याचं काय होतंय ते बघायची घाई. ह्या वेळी तिथं थांबले आणि ट्रेमध्ये बी टाकता टाकता दिवसभर तिचाच विचार करत राहिले. बारा वर्षांची पोर, पण कुठं थांबायचं ते तिला बरोब्बर कळतं.

दुसरं समुद्राचं. देवमासे जहाज ओढून नेतात, जहाजावर एक पोरकी मुलगी नकाशे काढते, आणि भर वादळात एक देवमाशीण विते. भाचीनं समुद्र पाहिलेला नाही. तिनं मला विचारलं, "पावसाळ्यात आमची दरी धुक्यानं भरती आन फकस्त डोंगराची टोकं वर राहत्यात, तसाच आसतो ना गं समुद्र?" मी समुद्र पाहिलाय, अलिबागला जाऊन भेळही खाल्लीय. पण तिचा समुद्र ऐकल्यापासून माझा मला फिका वाटायला लागला.

तिसऱ्याला "बरंय" मिळालं. त्यात एका जंगलात हिरोवर बिबट्या चालून येतो. बिबट्याशी आमचं रोजचंच. वारूळवाडीत ऊस उभा असला की दिवस कलल्यावर बाई एकटी बांधाला जात नाही. भाची म्हणाली, "बिबट्या समोर हुबा राहून डरकाळ्या फोडतोय. ह्यो भाऊ सुरी काढून भाषण करतोय. भाषण संपस्तवर बिबट्या थांबलाय. बरंय." मी एवढी हसले की शेजारी बी टाकणाऱ्या बाईनं विचारलं, काय झालं गं? तिला मेसेज ऐकवला. दुपारपर्यंत अख्ख्या नर्सरीत कुणी काही बोललं की उत्तर एकच, बरंय!

आता आक्काचं सांगते. आक्का तिसरी शिकलेली. देवमाशांचं पुस्तक चाललं होतं तेव्हा संध्याकाळी लाइट गेली, आणि दिव्यापाशी बसून भाची वाचत होती. आक्का म्हणाली, मनात काय वाचतीस, मोठ्यानं वाच की, मला बी ऐकू दे. झालं. दुसऱ्या दिवशी आक्कानं पाट मांडला. पाटावर पुस्तक, पुढं निरांजन, डोक्यावरनं पदर. आमच्या माहेरी श्रावणात पोथी लागायची, तिची सगळी रीत तिनं देवमाशांना लावली. पुस्तक भुईवर ठेवायचं नाही. अध्यायाच्या मधी उठायचं नाही. अध्याय संपला की हात जोडायचे आणि गुळाचा खडा. मी एकदा गेले होते तेव्हा माझ्या डोळ्यांनी बघितलं, समुद्री चोरांच्या अध्यायालाही आक्का भक्तिभावानं हात जोडून बसली होती.

मला हसू आवरेना. पण वाडीतल्या चार बायका नाचणी निवडायला म्हणून येऊन बसलेल्या, त्या कुणी हसल्या नाहीत. देवमाशीण वितेय तो अध्याय होता. एकीनं विचारलं, "पाण्यात विल्याव वार कशी काय पडती गं?" दुसरी म्हणाली, "म्हशीसारखंच आसंल की, फकस्त मोठं." आणि पिल्लू वर येऊन पहिला श्वास घेतं तिथं सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. भाची पुस्तकातनं मान वर करून प्रत्येकीच्या तोंडाकडं बघत होती. मला त्या घरात बसल्याबसल्या एवढं बरं वाटलं की काय सांगू. एखादं वाक्य दोनदा वाचून, पुढं काय होणार ते माहीत असून आवाज खाली घेऊन, ती पोर काय वाचत होती राव!

एप्रिल सरता सरता मी तिला एक जाडजूड पुस्तक पाठवलं. उशीला घ्यावं एवढं जाड. एका खोऱ्यातली नदी रुसून निघून जाते आणि एक मुलगी तिच्या कोरड्या पात्रातनं माग काढत राज्यंच्या राज्यं ओलांडते. मला वाटलं, सुट्टीत वाचेल, जूनमध्ये माझ्याकडं येईल तेव्हा दोघी मिळून बोलू. मी तिच्यासाठी खिडकीपाशी खाट सरकवली, फळीवरचे डबे काढून पुस्तकांना जागा केली. नवरा म्हणाला, अजून पोरगी आली नाही तर एवढं? मी म्हटलं, तुम्ही गप बसा.

मे महिना गेला, नदीबद्दल एक शब्द नाही. शिवी नाही, बरंयसुद्धा नाही. मी फोन केला तर, "चाललंय, मावशी."

शाळा उघडायला आठवडा राहिला तेव्हा मी तिला आणायला वर गेले. राबाच्या वाफ्यात भाताची रोपं नुकती हिरवी दिसायला लागली होती. आक्का दारात भेटली. मी पाणी प्यायच्या आधीच विचारलं, "पोरीचे कपडे भरलेस का?"

"पोथी चालू हाय," आक्का म्हणाली.

"कसली पोथी?"

"तूच धाडलीस की. नदीची. समाप्ती झाल्याबिगर वाचणारीनं शीव वलांडायची नसती. म्हायेरची रीत इसरलीस व्हय?"

मी तशी तापट. लहानपणापासून आक्काच्या शांतपणावर माझं डोकं फिरत आलंय. "आक्का, शुद्धीवर आहेस का? पोथी नाहीये ती! शहरात कुणीतरी खुर्चीत बसून मनाचं रचलंय ते. त्या कागदापायी पोरीची शाळा घालवशील?"

"पोथी तरी कुणीतरी बसूनच लिवली आसंल," आक्का म्हणाली. "आन म्या दिवा लावलाय."

मी भाचीला म्हटलं, आण बघू, कितीसं राहिलंय. तिनं पाटावरनं पुस्तक उचलून आणलं. मोरपीस घातलेलं पान जेमतेम पहिल्या चौथाईत. विहिरीचं शहर जी पोर दोन दिवसांत संपवून मोकळी झाली, ती दीड महिना ह्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच बसली होती.

"दिवसाला दोनच पानं वाचतो आमी," ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

मी तिचा हात धरला आणि टाकीकडं घेऊन गेले. मनात म्हटलं, आज हिला आणि हिच्या आईला चांगलंच फैलावर घ्यायचं. टाकीच्या कट्ट्यावर बसल्यावर विचारलं, "खरं सांग. तुला माझ्याकडं यायचं नाहीये का?"

"यायचंय."

"मग?"

ती पायानं खडे ढकलत राहिली. मग म्हणाली, "मावशी, तू धाडलेल्या समद्या पुस्तकांतल्या पोरांना आई नसती, तुझ्या ध्यानात आलंय का?"

नव्हतं आलं.

"लेखक पहिल्याच पानाव आईला मारून टाकतो. विहिरीतली तिघं, जहाजावरची ती, बिबट्यावाला सुद्धा. आई नसली की पोरं मोकळी. उठली की निघाली. आई आसली तर गोष्ट सुरूच व्हनार नाय म्हनून मारत्यात." तिचा आवाज चढला. "ह्या नदीवाल्या पोरीला आई हाय. पहिल्यांदाच. मला लई आनंद झाला. म्हनलं, आता ही कशी निघती ते बघू. आईला काय सांगती, आई काय म्हनती. सांजच्याला भाकरी कोन थापतं, ही नसल्याव. तर लेखकानं काय लिवलंय म्हायतीय? 'एके पहाटे ती निघाली.' संपलं! घोड्याच्या खोगिराचं वर्णन पानभर, आन निघायला एक वळ. मला वाटलं पान फाटलंय. म्या परत परत मोजून बघितलं, फाटलं न्हवतं."

तिनं पायाखालचा खडा लाथेनं उडवला.

"मंग म्या सावकाश वाचाया लागले. म्हनलं, पुढं कुठंतरी आई येईल. पोरगी तिला आठवंल तरी. आजून आली नाय." ती घराकडं बघायला लागली. "आईला वाटतं पोथीच मोठी हाय."

फैलावर घेणं राहिलंच. ही सगळी पुस्तकं मी वाचली होती, तीही दोनदोनदा. एवढ्या आया मेल्या आणि मला पत्ता नाही. मला एकदम तिचा अभिमानही वाटला आणि स्वतःची लाजही. कारण त्याच वेळी मला दुसरी गोष्ट कळत होती, की खिडकीपाशी खाट सरकवताना मी आक्काचा विचार केलाच नव्हता. मला फक्त ती पोर हवी होती.

घरी येऊन मी आक्काला चुलीपाशी सगळं सांगितलं, पोरगी गोठ्यात होती तेव्हा. आक्का भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्यावर फुगवली, टोपलीत ठेवली आणि पुढचा गोळा घेतला.

सकाळी उजाडल्या उजाडल्या तिनं अंगण सारवलं, पाट मांडला आणि वाडीत सांगावा धाडला. "आज समाप्ती हाय. ज्यांना यायचं त्यांनी या."

"आई, लई राहिलंय आजून," भाची म्हणाली.

"मंग लवकर बस."

तो दिवस मी कधी विसरणार नाही. बायका आल्या, कुणी कडधान्य निवडायला घेऊन, कुणी पोर मांडीवर घेऊन. भाची वाचायला लागली. नदीनं टाकून दिलेले घाट, तळाला उघडी पडलेली देवळं, मिठाचं राज्य, आरसे विकणारा बुवा. तिचा घसा बसला की मी वाचायची, मी थांबले की ती. मी कुठं भरकन वाचलं की ती बोट ठेवायची, "मावशी, हळू. हे चांगलंय." आणि खरंच चांगलं होतं. मी ते पुस्तक वाचलं होतं, पण तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मिठाच्या राज्यात मुलगी तहानेनं पडते तिथं एक म्हातारी उठून आत गेली आणि सगळ्यांना पाणी घेऊन आली. सगळ्या प्यायल्या.

दिवेलागणीच्या आधी आम्ही शेवटच्या अध्यायाला लागलो. नदी सापडते. ती म्हणते, मी येणार नाही, पण तू चालत जा, तुझ्या मागं मागं मी येईन, फक्त वळून बघू नकोस. आणि मुलगी चालायला लागते, आणि मागं पाण्याचा आवाज. पुस्तक तिथंच संपतं. शेवटची ओळ वाचून भाचीनं पुस्तक मिटलं. बायकांनी हात जोडले. एक म्हातारी डोळे पुसत होती.

भाची मात्र रागानं लाल झाली होती. "आई आलीच नाय," ती म्हणाली. "येवढं समदं छान लिवलं त्यानं. नदीला बोलायला लावलं, आरशाला बोलायला लावलं. आन आईला इसरला. आईचं काय झालं मंग?"

"आगं खरंच की," बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. "आई व्हती ना तिला? सुरुवातीला व्हती."

मीही पुस्तक उलटंपालटं केलं, उगीच. तेवढ्यात आक्का उठली. निरांजनात तेल घातलं, नारळ हातात घेतला.

"आईचं काय व्हायचंय?" ती म्हणाली. "भात लावीत आसंल. पोरगी गेली म्हनून आवणी थांबती व्हय? दिसभर चिखलात वाकायचं, सांजच्याला भाकरी टाकायच्या. एखादी जास्तीची पडत आसंल सवयीनं, ती गाईला घालीत आसंल. त्यात काय लिवायचं त्या मानसानं?" तिनं उंबऱ्यावर नारळ फोडला. "पन हाय ती. मेली बिली नाय. पोरीनं जीवाला घोर लावून घ्यायचं काय कारन नाय."

भाचीनं माझ्या हातातलं पुस्तक घेऊन पाटावर ठेवलं. मग ती उठून आत गेली. पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला, आणि कपाट उघडल्याचा. बायका शांतपणे प्रसादाची वाट बघत बसल्या.

मी आक्काच्या मागं स्वयंपाकघरात गेले. ती शिरा हलवत होती. मला रडू फुटलं, मला ते लपवता येत नाही. आक्का माझ्याकडं न बघता बोलत राहिली, एका सुरात, उलथनं न थांबवता.

"सकाळी उठल्या उठल्या ती बोलत नाय. लगीच हाका मारू नको. वांगं खात नाय, बळंच वाढू नको. वाचताना रडली तर काय झालं म्हनून इचारायचं नाय, झाल्याव आपसूक सांगती." उलथनं थांबलं. "आन ताप आला तरी ती सांगत नाय. तूच कपाळाला हात लावून बघत जा."